वापरलेल्या पोर्शे केमनच्या किमतींचा माग : पहिल्या नोंदीपासून नंबर प्लेटपर्यंत

२०२५ च्या फेब्रुवारीत मी वापरलेल्या पोर्शे केमन गाड्यांच्या किमती टिपायला सुरुवात केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांतली एक गाडी माझ्या नावावर झाली. स्टुटगार्ट आणि आसपासच्या गावांत राहणारी आमच्या ओळखीची बरीच मराठी मंडळी वाहनउद्योगातच नोकरी करतात. तरीही स्वतःच्या पैशांनी, आणि तीही बारा वर्षे जुनी, स्पोर्ट्‌स कार घ्यायची म्हटले की मागितलेली किंमत रास्त आहे हे कशाच्या आधारावर ठरवायचे, ही धास्ती प्रत्येकाला वाटते. मलाही ती वाटत होती, कारण ही रक्कम आम्हा दोघांच्या अनेक वर्षांच्या बचतीतून जाणार होती. ज्यांना हे करायचे आहे त्यांना थोडा आधार मिळावा, म्हणून सगळा प्रवास, त्यातली कागदपत्रे, खर्च आणि प्रतीक्षा यांसह, क्रमाने लिहीत आहे.

पहिले काम गाडीची पिढी निश्चित करण्याचे होते, कारण ‘केमन’ या एकाच नावाखाली किमतीच्या दृष्टीने अगदी वेगवेगळ्या गाड्या मोडतात. पहिली केमन २००५ मध्ये आली आणि तिच्या पिढीचा अंतर्गत क्रमांक ९८७. या पिढीच्या २००९ पूर्वीच्या गाड्या स्वस्त दिसतात, परंतु त्यांच्या इंजिनातील मधल्या शाफ्टचे बेअरिंग आणि ३.४ लिटरच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर पडणारे ओरखडे हे दोन्ही विषय इतके चर्चिले गेले आहेत की कमी किमतीत ती जोखीम आधीच धरलेली असते. २००९ च्या सुधारित आवृत्तीत नवे इंजिन आले आणि ते बेअरिंग राहिले नाही. त्यानंतरची पिढी ९८१. ती नोव्हेंबर २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या वाहनमेळ्यात दाखवली गेली आणि मार्च २०१३ पासून जर्मनीत विकली जाऊ लागली. २०१६ मध्ये केमनला ‘७१८’ हे नाव मिळाले आणि सहा सिलिंडरच्या जागी चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आले.

किमतींच्या दृष्टीने हा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. नवी ७१८ अधिक वेगवान होती, पण टर्बो नसलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज आणि वरच्या आवर्तनांपर्यंत सलग चढत जाणारी त्याची ताकद ज्यांना हवी होती, ते ग्राहक जुन्या ९८१ कडे वळले. त्यामुळे तीन-चार वर्षांनी तरुण असलेली ७१८ आणि तिच्याहून जुनी ९८१ या दोन्ही अनेकदा जवळपास सारख्याच किमतीला उभ्या दिसतात. पुढे जुलै २०२४ पासून युरोपीय संघात वाहनांच्या सायबर सुरक्षेचे नियम सर्व नव्या गाड्यांना लागू झाले आणि मोजक्या आवृत्त्या वगळता पेट्रोलवरची ७१८ तेथील विक्रीतून बाहेर पडली. नवी मिळत नाही म्हटल्यावर जुन्यांच्या किमती कोसळण्याची शक्यता उरली नाही. माझी निवड ९८१ ची केमन एस ही होती : ३.४ लिटर, ३२५ अश्वशक्ती, वजन १,३२० किलो. मूळ किंमत जर्मनीत ६४,११८ युरोंपासून सुरू होत असे, आणि निवडलेल्या जास्तीच्या सोयी धरून बहुतेक गाड्या त्याहून बऱ्याच महाग गेलेल्या होत्या. आम्ही कमाल मर्यादा ४८,००० युरो ठरवली आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती तिच्यातच बसली पाहिजे असा नियम केला.

किमती कुठे पाहायच्या, याचे उत्तर जर्मनीत सोपे आहे. मोबाइल डॉट डीई आणि ऑटोस्काउट२४ ही दोन मोठी संकेतस्थळे, खासगी विक्रेत्यांसाठी क्लाइनआनत्साइगन आणि केवळ पोर्शेंसाठी एल्फरस्पॉट. मी चारही ठिकाणी शोध जतन करून ठेवला आणि दर रविवारी सकाळी एका तक्त्यात नोंदी करू लागले. पहिल्या नोंदणीचा महिना आणि वर्ष, किलोमीटर, मॅन्युअल गिअर की पीडीके नावाचा दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, आधीच्या मालकांची संख्या, वाहनतपासणीची मुदत, विक्रेता व्यावसायिक की खासगी, गाडी कोणत्या गावी आहे आणि मागितलेली किंमत, असे रकाने होते. त्याशिवाय महत्त्वाच्या सोयींसाठी स्वतंत्र रकाने ठेवले : स्पोर्ट क्रोनो (गाडीला स्पोर्ट मोड देणारी सोय), बदलता येणारे पीएएसएम सस्पेन्शन, मागच्या चाकांसाठीचे यांत्रिक डिफरन्शियल लॉक, स्पोर्ट एक्झॉस्ट, आसनांचा प्रकार आणि चाकांचा आकार. जाहिरातीत एखादी सोय लिहिलेली नसेल तर गाडीच्या पुढच्या झाकणाखालील स्टिकरचे छायाचित्र मागावे. त्यावर सोयींचे तीन अंकी संकेत छापलेले असतात : २५० म्हणजे पीडीके, ४७५ म्हणजे पीएएसएम, २२० म्हणजे डिफरन्शियल लॉक. मूळ विक्री जर्मनीतच झालेली असेल तर त्याच स्टिकरवर सी०० हा देशसंकेत आढळतो. बाहेरच्या देशातून आणलेल्या गाड्यांची किंमत कमी असते आणि त्यांचा जुना सेवा-इतिहास तपासणे कठीण जाते, म्हणून हा संकेत मी प्रत्येक वेळी विचारून घेत असे.

पहिल्या काही आठवड्यांत माझ्या तक्त्याची सरासरी मला दिशाभूल करणारी वाटू लागली आणि त्याचे कारण शोधताना या विषयातली माझ्या मते सर्वांत उपयोगी गोष्ट हाती आली. संकेतस्थळावर दिसते ती मागणीची किंमत. सौदा कितीला झाला हे तिथे कधीच दिसत नाही. त्यातही रास्त किमतीची आणि उत्तम स्थितीतली गाडी चार-आठ दिवसांत नाहीशी होते, तर अवाजवी किमतीची गाडी महिनोन्‌महिने तिथेच राहते. म्हणून कोणत्याही एका दिवशी यादी उघडली तर तिच्यात न विकल्या गेलेल्या महाग गाड्यांचे प्रमाण खऱ्या बाजारापेक्षा जास्त असते आणि त्यांची सरासरी काढली की आकडा वर सरकतो. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे मॉडेलऐवजी एकेका गाडीचा पाठपुरावा करणे. प्रत्येक गाडी पहिल्यांदा कधी दिसली, किंमत कधी व किती उतरली आणि ती यादीतून कोणत्या किमतीला नाहीशी झाली, हे मी नोंदवू लागले. नाहीशी होण्यापूर्वीची शेवटची किंमत हा खऱ्या सौद्याच्या सर्वांत जवळ जाणारा आकडा आहे, कारण सौदा त्याच्या थोडा खाली झालेला असतो.

काही व्यावसायिक विक्रेते जुनी जाहिरात काढून टाकून तीच गाडी नव्याने टाकतात, त्यामुळे ती ताजी भासते. ती ओळखण्यासाठी छायाचित्रांतील खुणा, चाकांची रचना, आतील चामड्याचा रंग आणि किलोमीटर यांची नोंद उपयोगी पडते. संकेतस्थळे किमतीला ‘चांगली’, ‘रास्त’, ‘चढी’ असे जे शेरे देतात, ते मी केवळ प्राथमिक चाळणीसाठी वापरले. सोयी, सेवा-इतिहास आणि टायरांची स्थिती यांचा फरक त्या शेऱ्यांत पुरेसा उतरत नाही, आणि या वर्गातील गाडीत नेमका तोच फरक पाच-सहा हजार युरोंचा असू शकतो.

मार्च-एप्रिलमध्ये किमती वर गेल्या. ऊन पडू लागले की दोन आसनी गाड्यांची मागणी वाढते हे ऐकून होते, पण तक्त्यात ते दिसल्यावर धीर आला, कारण वाट पाहिली तर शरद ऋतूत फायदा होईल असे आता आधाराने म्हणता येत होते. त्या वेळी ५०,००० ते ७०,००० किलोमीटर चाललेल्या, मॅन्युअल गिअरच्या केमन एस गाड्या साधारण ४७,००० ते ५४,००० युरोंना मागितल्या जात होत्या. स्पोर्ट क्रोनो आणि स्पोर्ट एक्झॉस्ट नसलेल्या गाड्या अधिक काळ राहत. डिफरन्शियल लॉक असलेल्या गाड्या क्वचित येत आणि लवकर जात.

ज्यांना प्रत्यक्ष झालेले सौदे पाहायचे आहेत त्यांनी लिलावांकडे वळावे. ब्रिटनमधील कलेक्टिंग कार्स आणि अमेरिकेतील ब्रिंग अ ट्रेलर या दोन्ही ठिकाणी शेवटची बोली सर्वांना दिसते. मात्र ब्रिटनच्या गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे असते आणि अमेरिकेची बाजारपेठ, कर व गाड्यांची रचना वेगळी असते, त्यामुळे ते आकडे युरोत रूपांतरित करून थेट ताडून पाहण्यात अर्थ नाही. किमती कोणत्या दिशेला चालल्या आहेत आणि कोणत्या सोयींसाठी लोक खरोखर जास्त पैसे मोजतात, एवढेच त्यांतून घ्यावे. याखेरीज डीएटी ही १९३१ पासूनची मूल्यांकन संस्था, जिचे मुख्यालय स्टुटगार्टजवळच्या ओस्टफिल्डर्न येथे आहे, तिचे संगणकीय मूल्यांकनही मी काढून पाहिले. रोजच्या वापराच्या गाडीसाठी ते उत्तम आहे. कमी संख्येने विकल्या जाणाऱ्या स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत मला त्याचा उपयोग एवढाच झाला, की बाजारभाव त्या संगणकीय मूल्यापेक्षा किती वर आहे हे कळले.

मे महिन्यापासून मी गाड्या प्रत्यक्ष पाहू लागले. त्यापूर्वी व्यावसायिक आणि खासगी विक्रेत्यांमधील फरक पैशांत कसा मांडायचा हे समजून घेतले. व्यावसायिक विक्रेत्यावर कायद्याने दोषांची जबाबदारी असते. वापरलेल्या गाडीसाठी तो ती एक वर्षापर्यंत मर्यादित करू शकतो, आणि जानेवारी २०२२ पासून त्या पहिल्या वर्षात दिसलेला दोष विक्रीच्या वेळी नव्हता हे त्यालाच सिद्ध करावे लागते. खासगी विक्रेता करारात ही जबाबदारी पूर्णपणे वगळतो. त्यामुळे व्यावसायिकाची किंमत तीन-चार हजारांनी जास्त असेल तर ती या जबाबदारीची किंमत आहे असे मानावे आणि दोन्ही प्रकार तक्त्यात वेगळे ठेवावेत. पोर्शेच्या अधिकृत केंद्रातील गाड्या आणखी महाग असतात. तिथे १११ मुद्द्यांची तपासणी करून कंपनीची हमी दिली जाते. मन:शांती हवी आणि मर्यादा वाढवणे शक्य असेल तर तो मार्ग चांगला आहे. आमच्या मर्यादेत तो बसत नव्हता.

पाहिलेल्या गाड्यांपैकी दोन सांगण्यासारख्या आहेत. पहिली एका व्यावसायिकाकडे होती आणि तिची किंमत माझ्या तक्त्यानुसार दोन हजारांनी कमी होती. मी सोबत रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र नेत असे, जे साठ-सत्तर युरोंना मिळते. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. या गाडीचा उजवा दरवाजा आणि मागचा पत्रा त्याच्या दुपटीहून अधिक भरला. पार्किंगमध्ये घासल्यामुळे पुन्हा रंगवली, असे उत्तर मिळाले, पण त्या कामाचे बिल उपलब्ध नव्हते. रंगकाम झाले म्हणून गाडी वाईट ठरत नाही. मात्र नेमके काय झाले होते हे सांगणारा कागद नसेल, तर ती किंमत कमी आहे असे म्हणता येत नाही. मी आभार मानून निघाले.

दुसरी गाडी दिसायला निष्कलंक होती आणि खासगी मालकाने मोठ्या प्रेमाने ठेवली होती. तिथे इंजिनाच्या संगणकातील आवर्तनांच्या नोंदी वाचून घेण्याचे महत्त्व कळले. इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा फिरले आणि शेवटचे कधी, याची नोंद सहा श्रेणींमध्ये जतन केलेली असते. खालच्या श्रेणींतील नोंदी जोरात चालवलेल्या गाडीत असणारच. वरच्या श्रेणींतील नोंदी बहुधा तेव्हा होतात, जेव्हा मॅन्युअल गिअर वरच्याऐवजी चुकून खालच्या पायरीत पडतो आणि चाके इंजिनाला जबरदस्तीने फिरवतात. या गाडीत पाचव्या श्रेणीत अलीकडच्या नोंदी होत्या. मालकांना त्याची कल्पना नव्हती आणि ते मनापासून खट्टू झाले. मलाही वाईट वाटले, कारण गाडी सुंदर होती. तरीही इतक्या महाग इंजिनाच्या बाबतीत ही जोखीम किमतीत बसवण्याची रीत मला दिसेना. मॅन्युअल गिअरची पोर्शे घेणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद कागदावर छापून मागावी.

उन्हाळ्याचे महिने शांत गेले. मन थकत होते, आणि एकदा तर सकाळी पाहिलेली हवी तशी गाडी दुपारी विकली गेल्याचे कळल्यावर हे सगळे सोडून द्यावे असे वाटले. पण तक्ता आता पुरेसा भरला होता. एखादी जाहिरात उघडताच तिची किंमत कुठल्या पट्ट्यात असायला हवी आणि ती त्याबाहेर असेल तर कोणत्या कारणाने, हे मला सांगता येऊ लागले. त्या तयारीमुळेच पुढचा निर्णय घाई न करता आणि तरीही वेळेत घेता आला.

जी गाडी अखेर घेतली, ती जूनपासून माझ्या नजरेत होती. २०१३ च्या जुलैतली नोंदणी, मॅन्युअल गिअर, सुमारे ६२,००० किलोमीटर, दोन मालक, सी०० संकेत, गडद करडा रंग, स्पोर्ट क्रोनो, स्पोर्ट एक्झॉस्ट आणि डिफरन्शियल लॉक. जूनमध्ये खासगी मालकांनी ४९,९०० युरो मागितले होते, ऑगस्टमध्ये ते ४८,५०० वर आले आणि ऑक्टोबरच्या मध्यावर ४६,९०० वर. गाडीला हंगामी नंबर प्लेट होती, जिच्यावर ०४ आणि १० असे आकडे होते. म्हणजे ती फक्त एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर आणता येत होती. ३१ ऑक्टोबरनंतर ती सार्वजनिक रस्त्यावर चालवणेच नव्हे, उभी करणेही बेकायदा ठरले असते. त्यामुळे चालवून पाहण्यासाठी आणि तपासणीसाठी नेण्यासाठी उरलेले दिवस थोडे होते. शरद ऋतूत गाडी शोधणाऱ्यांनी ही बाब जरूर ध्यानात ठेवावी : किंमत खाली येते, पण हंगाम संपण्यापूर्वी तपासणी उरकावी लागते.

मालक उल्म परिसरातील एक निवृत्त गृहस्थ होते. तपासणीचा खर्च माझा आणि जागा माझ्या पसंतीची, या अटीला त्यांनी लगेच होकार दिला, आणि त्या होकारानेच माझा विश्वास वाढला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पोर्शेवर काम करणाऱ्या एका स्वतंत्र कार्यशाळेत सुमारे दोन तास तपासणी झाली. तिचे ३८० युरो पडले. वरच्या श्रेणींतील आवर्तनांच्या नोंदी नव्हत्या, रंग सर्वत्र मूळचा होता आणि जुन्या तपासणी-अहवालांवरील किलोमीटर सलग वाढत गेले होते. दोष तीन निघाले. पुढच्या ब्रेक डिस्क झिजण्याच्या मर्यादेजवळ होत्या. टायरांची नक्षी शिल्लक होती, परंतु त्यांच्यावरील चार अंकी संकेतानुसार ते २०१८ मधले होते. आणि पुढच्या बंपरमागे एअर कंडिशनरचा एक कंडेन्सर गंजू लागला होता. पुढच्या झरोक्यांतून आत गेलेला पालापाचोळा तिथे साचतो, ओला राहतो आणि रेडिएटर व कंडेन्सर हळूहळू खातो, हा या गाड्यांचा परिचित दोष आहे. वर्षातून एकदा बंपर काढून ती जागा स्वच्छ करून घेतली तर तो टळतो. तिन्ही कामांचा अंदाज कार्यशाळेने लेखी दिला : साधारण २,९०० युरो.

घासाघीस करण्याची मला आधी भीती वाटत होती. भाषा परकी आणि समोरची व्यक्ती वयाने मोठी. म्हणून मी माझा तक्ता आणि कार्यशाळेचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांच्यासारख्याच गाड्या मागील महिन्यांत कोणत्या किमतींना यादीतून गेल्या, त्यांच्या गाडीत कोणत्या सोयी अधिक आहेत आणि कोणता खर्च मला तत्काळ करावा लागणार आहे, हे मी क्रमाने सांगितले. त्यांच्या गाडीच्या बाजूने जाणारे मुद्देही मी लपवले नाहीत. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि ४४,८०० युरोंवर सौदा ठरला. संपूर्ण दुरुस्ती धरूनही आम्ही मर्यादेच्या आत राहिलो.

करारासाठी एडीएसी या वाहनचालक संघटनेचा नमुना वापरला. तो विनामूल्य मिळतो. त्यात तपासणीत निघालेले तिन्ही दोष, किलोमीटर, किल्ल्यांची संख्या आणि अपघात झालेला नसल्याचे विक्रेत्याचे निवेदन लिहून घेतले. नोंदणी-प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. भाग १ गाडीसोबत असतो आणि भाग २ घरी सुरक्षित ठेवतात. भाग २ वर नाव असणारी व्यक्ती मालक असतेच असे नाही, हे त्या कागदावरच छापलेले आहे. म्हणून विक्रेत्याचे ओळखपत्र, मूळ खरेदीचा कागद आणि गाडीवर कर्ज नसल्याचे लेखी निवेदन तिन्ही पाहावीत. कर्ज असेल तर भाग २ बहुधा बँकेकडे असतो. तो समोर नसताना पैसे देऊ नयेत. चासी क्रमांक कागदावर आणि गाडीवर दोन्ही ठिकाणी वाचून ताडून पाहावा. माझ्या गाडीच्या क्रमांकात अकरावे अक्षर के आहे, म्हणजे तिची जुळणी ओस्नाब्रुकच्या कारखान्यात झाली. किमतीवर याचा काही परिणाम मला दिसला नाही.

पैसे तत्काळ हस्तांतरणाने दिले. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातील बँकांना ही सेवा जास्तीचे शुल्क न घेता द्यावी लागते आणि खात्याचे नाव व क्रमांक जुळतात का हे आधी तपासून सांगावे लागते, त्यामुळे रोख रक्कम नेण्याची चिंता उरली नाही. मात्र दैनंदिन मर्यादा वाढवून घेण्यासाठी माझ्या बँकेला दोन कामकाजाचे दिवस लागले. सौद्याच्या आदल्या आठवड्यातच ते करून ठेवावे. रक्कम त्यांच्या खात्यात दिसल्यावर कागद आणि जुन्या प्लेटा माझ्या हाती आल्या आणि गाडी नोंदणी होईपर्यंत त्यांच्याच गॅरेजमध्ये राहिली.

आता नोंदणी. विमा कंपनीकडून आधी सात अक्षरी ईव्हीबी क्रमांक, म्हणजे विमा असल्याची खात्री देणारा संकेत, घ्यावा लागतो. विम्याच्या हप्त्यांचे प्रस्ताव कंपनीगणिक शेकडो युरोंनी वेगळे आले, म्हणून किमान चार-पाच ठिकाणी विचारणा करावी. गाडीची नोंदणी घरबसल्याही करता येते आणि परदेशी नागरिकांच्या इलेक्ट्रॉनिक निवास-परवान्यावर त्यासाठी लागणारी ऑनलाइन ओळखीची सोय असते, हे अनेकांना ठाऊक नाही. पण त्यासाठी भाग २ वर सुरक्षा-संकेत लागतो आणि तो १ जानेवारी २०१८ पासून दिलेल्या प्रमाणपत्रांवरच असतो. या गाडीचे प्रमाणपत्र २०१६ चे होते, म्हणून लुडविग्सबुर्गच्या नोंदणी कार्यालयाची वेळ घेतली. ती सुमारे दीड आठवड्यानंतरची मिळाली. सोबत न्यायचे कागद असे : दोन्ही भाग, वैध वाहनतपासणीचा अहवाल, ईव्हीबी क्रमांक, पारपत्र आणि पत्त्याचा दाखला, वाहनकरासाठी बँक खात्यातून वळती करण्याची संमती आणि जुन्या प्लेटा. काम अर्ध्या तासात झाले. पसंतीचा क्रमांक आधी राखून ठेवण्याचे १२.८० युरो धरून शुल्क आणि नव्या प्लेटा मिळून नव्वद युरोंच्या आत खर्च आला.

मी हंगामी प्लेटच घेतली, परंतु ०३ ते ११ अशी. हंगाम दोन ते अकरा महिन्यांचा निवडता येतो आणि कर व विमा त्याच महिन्यांपुरता द्यावा लागतो. नोव्हेंबर हंगामात धरल्यामुळे गाडी महिनाअखेरीच्या आत घरी आणता आली. अन्यथा ट्रेलरने आणावी लागली असती. टायर उन्हाळी होते. जर्मनीत बर्फ किंवा निसरडा रस्ता असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे असतात, त्यामुळे कोरड्या रस्त्याचा अंदाज असलेला शनिवार निवडला. नवऱ्याने आमची रोजची गाडी मागून आणली आणि मी केमन चालवत आणली. इतके महिने आकड्यांत पाहिलेले ते इंजिन पाठीमागे ऐकू येत होते आणि मला अतोनात आनंद झाला होता.

पुण्याहून बाबांनी विचारले की परत येताना ती इकडे आणता येईल का. तसे करता येणार नाही. भारतात वापरलेली गाडी आयात करताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे अशा अटी आहेत. म्हणजे ही गाडी कधीतरी इथेच विकावी लागणार, आणि म्हणून मी तक्त्यातील नोंदी आता महिन्यातून एकदा सुरू ठेवल्या आहेत.

डिसेंबरमध्ये सीमाशुल्क खात्याकडून, जे इथे वाहनकर गोळा करते, कराचे पत्र आले. हिशेब सोपा आहे : सुरू झालेल्या प्रत्येक १०० घनसेंटिमीटरला २ युरो, म्हणजे या इंजिनाचे ७०, आणि २०१२-१३ मध्ये नोंदलेल्या गाड्यांसाठी ११० ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडला २ युरो. मॅन्युअल केमन एसचे उत्सर्जन २०६ ग्रॅम, म्हणून १९२. पूर्ण वर्षाचे २६२ युरो होतात आणि नऊ महिन्यांच्या हंगामाचे सुमारे १९७. हीच गाडी जानेवारी २०१४ मध्ये नोंदली गेली असती तर मर्यादा ९५ ग्रॅमची लागू होऊन वर्षाला ३० युरो अधिक द्यावे लागले असते, म्हणून जाहिरातीतील पहिल्या नोंदणीची तारीख नुसत्या वर्षापर्यंत न वाचता महिन्यासह टिपावी. ब्रेक डिस्क, टायर आणि कंडेन्सर यांचे काम त्याच कार्यशाळेत फेब्रुवारीसाठी ठरवले आहे.